मॉनिटर चांगला होता, चूक आमची झाली

नमस्कार डॉक्टर,

तुम्ही आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाला एक स्टार देऊन लिहिलंय की वेटिंग रूममधली पेशंटसाठीची स्क्रीन दर दहा मिनिटांनी काळी होते, आमची माणसं तीनदा येऊन गेली, दोन व्हिजिटचे ७०० रुपये घेतले, शेवटी मॉनिटर गेलाय म्हणून ६,५०० चा नवा विकला आणि तोही तसाच काळा होतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. काल दवाखाना सुटल्यावर मी स्वतः येऊन पाहिलं, म्हणून आज उत्तर देतोय.

मॉनिटर बिघडला असता तर तो बरोब्बर दहाव्या मिनिटाला बंद पडला नसता आणि माउस हलवताच उजळलाही नसता. एवढ्यावरूनच आमच्या माणसाला कळायला हवं होतं.

तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे, त्यातला एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप. त्यात स्क्रीन काळी करणाऱ्या जागा तीन: स्क्रीनसेव्हर, वीज वाचवणारा पॉवर मॅनेजर आणि या दोघांच्या खाली एक्स सर्व्हरचा, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामचा, स्वतःचा टायमर. पहिल्या खेपेला आमच्या मुलानं फक्त स्क्रीनसेव्हर बंद केला. तो बंद झाला तरी खालचा टायमर चालूच राहतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, या टायमरची सेटिंग दाखवणारी 'एक्ससेट क्यू' ही आज्ञा दिल्यावर तिथे ६०० हा आकडा दिसला. ६०० सेकंद, म्हणजे तुमची दहा मिनिटं. दुसऱ्या खेपेला त्यानं टर्मिनलमधून हा टायमर बंद केलाही होता, पण ती आज्ञा त्या लॉगिनपुरतीच टिकते. सकाळी तुमच्या सिस्टरनी मशीन चालू केलं आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दुसराच माणूस आला. आधी काय केलं होतं ते आमच्या वहीत कुणी लिहिलेलंच नव्हतं. पावसाळ्यात व्होल्टेजनं मॉनिटर जातात, तसाच हाही गेला असेल असं त्यानं गृहीत धरलं. वही माझ्या दुकानाची, तेव्हा चूकही माझीच.

काल पॉवर मॅनेजरमधले स्क्रीनचे टायमर बंद केले आणि एक्स सर्व्हरचा टायमर व डीपीएमएस (वीज वाचवायला मॉनिटर झोपवणारी सोय) बंद करणाऱ्या आज्ञा लॉगिनबरोबर आपोआप चालतील अशा स्टार्टअपमध्ये टाकल्या. मशीन दोनदा रीस्टार्ट केलं आणि तुमचा जुना मॉनिटर जोडून सव्वा तास समोर बसलो. स्क्रीन एकदाही गेली नाही. नवा मॉनिटर मी परत आणलाय. त्याचे ६,५०० आणि व्हिजिटचे ७००, असे ७,२०० रुपये आज तुमच्या खात्यावर पाठवतोय.

'लिनक्स टाकून फसवलं' असंही तुम्ही लिहिलंय, ते मात्र मला पटत नाही. तुमचं मशीन जुनं आहे, त्यावर हेच नीट चालतं, आणि आम्ही ते तुम्हाला विचारूनच टाकलं होतं. दोष आमच्या तपासणीत होता. तरीही विंडोजच हवं असेल तर लायसन्सचा खर्च तुमचा, टाकून देण्याची मजुरी घेणार नाही.

एक विनंती आहे. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला पाच मिनिटं हात लावला नाही की लागणारं लॉकही कायमचं काढून द्या, असं सिस्टर म्हणाल्या. ते मी काढलं नाही. तिथे पेशंटची नावं आणि रिपोर्ट उघडे असतात. पाच मिनिटं फार कमी वाटत असतील तर दहा करून देतो. शनिवारी दुपारी तुमची ओपीडी बंद असते, तेव्हा येऊ का? फोन करून सांगा.