स्थिर म्हणजे मेलेलं नव्हे

गणितज्ञ जॉन कॉन्वे यांच्या ‘गेम ऑफ लाइफ’मधल्या स्थिर आकृत्या म्हणजे खेळ संपल्यावर उरलेला गाळ, हे या खेळावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. हा खेळ चौकटींवर चालतो: भोवतीच्या 8 घरांत 2 किंवा 3 जिवंत शेजारी असले तर जिवंत पेशी पुढच्या पिढीत टिकते, नाहीतर मरते; आणि नेमके 3 असले तरच रिकाम्या घरात नवी जन्मते. चार जिवंत पेशींचा साधा दोन बाय दोनचा ठोकळा घ्या. त्यातल्या प्रत्येक जिवंत पेशीला नेमके 3 जिवंत शेजारी, म्हणून ती टिकते. बाहेरच्या एकाही रिकाम्या घराला 2 पेक्षा जास्त शेजारी मिळत नाहीत, म्हणून नवी पेशी जन्मत नाही. नियम दर पिढीला लागतोच, फक्त उत्तर तेच येतं. मुलुंडला शाळेतल्या मुलांना मी हे चौकटीच्या वहीवर पेन्सिलने करायला लावते. शेजारी मोजता मोजता त्यांचं त्यांनाच कळतं, आणि तेव्हाचे त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात!

आणि ‘ईटर’चा साधा उल्लेखही नसावा? 7 पेशींची ही स्थिर आकृती योग्य दिशेने आलेला ग्लायडर (चौकटींवरून तिरकी सरकत जाणारी 5 पेशींची आकृती) गिळते आणि 4 पिढ्यांत पुन्हा जशीच्या तशी उभी राहते. प्रोग्रामर बिल गॉस्पर यांच्या 1970 च्या ग्लायडर गनच्याही (एकामागून एक ग्लायडर सोडणाऱ्या आकृतीच्याही) दोन्ही टोकांना ठोकळेच आहेत. ते काढून बघा, दर 30 पिढ्यांनी एक ग्लायडर सोडणारं ते यंत्रच कोसळतं.