वाटाघाटीत दिलं काय, ते आधी सांगा

कुठे तणावाची बातमी आली की टाइमलाइनवर एकच सूर लागतो: बोलणी म्हणजे कमजोरी, तुम्ही ठाम राहा, समोरचा आपोआप शेपूट घालतो. पुरावा म्हणून हटकून १९६२चं क्यूबा प्रकरण काढलं जातं, सोव्हिएत संघाने अमेरिकेच्या दारात, क्यूबात, अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं आणून ठेवली होती ते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी हटले नाहीत, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रं गुंडाळली, खेळ खल्लास.

खरं तर तो रोकडा सौदा होता. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर नावाची अण्वस्त्र क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत काढून घेऊ, पण वाच्यता करायची नाही, असं ठरलं. क्यूबावर हल्ला न करण्याचं आश्वासन उघड होतं, तुर्कस्तानचं मात्र झाकलेलं. दुसऱ्याच दिवशी मॉस्कोने माघार जाहीर केली आणि एप्रिल १९६३पर्यंत ज्युपिटरही हलली. जगाला दिसली ती फक्त एका बाजूची माघार.

हे गुपित किती जपलं असेल? रॉबर्ट केनेडींच्या आठवणींचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघालं, त्यातून हा भाग अध्यक्ष केनेडींचे सल्लागार सोरेन्सन यांनी गाळला. तशी कबुली त्यांनी स्वतःच १९८९मध्ये मॉस्कोतल्या परिषदेत दिली. गुप्तता नसती तर सौदाच फिसकटला असता, हे मला मान्य आहे. नाटोतल्या मित्रदेशांनी गिल्ला केला असता. पण झाकलेल्या अर्ध्या भागामुळे 'दम दिला की काम होतं' हा धडा पक्का झाला, आणि तो आजही महाग पडतोय असं माझं मत.

उलटा नमुना व्हर्सायचा, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीवर लादलेल्या तहाचा. १९१९च्या मे महिन्यात जर्मन शिष्टमंडळाच्या हातात तयार मसुदा ठेवला गेला; समोरासमोर चर्चा नाही, हरकती लेखी द्या. हिटलरचं सगळं खापर त्या तहावर फोडणं मला पटत नाही, मंदीही होती, बाकी बरंच होतं. पण घरी परतताना लोकांना दाखवायला त्या शिष्टमंडळाकडे काहीच नव्हतं. त्याआधी शंभर वर्षं, नेपोलियनच्या पराभवानंतर व्हिएन्नात भरलेल्या परिषदेत, हरलेल्या फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ चक्क विजेत्यांच्या पंगतीला बसला होता!

अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला (सप्टेंबर १९७८) इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात यांचं इतकं बिनसलं की अमेरिकेचे अध्यक्ष कार्टरनी त्यांना समोरासमोर बसवणंच सोडलं आणि मसुदे घेऊन स्वतः फेऱ्या मारल्या. तेरा दिवस. इजिप्तला इस्रायलने युद्धात घेतलेलं सिनाई परत मिळालं, इस्रायलला इजिप्तची मान्यता. सादात यांना आधी अरब जगाचा बहिष्कार सोसावा लागला, १९८१मध्ये जीवही गमवावा लागला. तरी त्या दोन देशांत पुन्हा युद्ध झालेलं नाही. त्याच बैठकीत वेस्ट बँक आणि गाझाच्या स्वायत्ततेचाही आराखडा लिहिला गेला. तो लिहिताना खोलीत एकही पॅलेस्टिनी नव्हता, आणि कागदावर राहिला तो नेमका तेवढाच भाग.