चुंबकाने स्टीलची पारख होत नाही

"भांड्याला चुंबक चिकटला तर स्टील नकली, नाही चिकटला तर अस्सल 304" हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. 304 हा स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड, म्हणजे प्रकार; 430, 420, 201, 316 हेही तसेच ग्रेड. त्यातला एकही मुद्दा टिकणारा नाही. उलट या कसोटीवर विसंबलं की हलका माल 304 च्या भावात गळ्यात पडतो.

"चिकटलं म्हणजे लोखंड मिसळलंय."
लोखंड सगळ्याच स्टेनलेस स्टीलमध्ये असतं, 304 मध्येही साधारण 70 टक्के. गंज अडवतं ते क्रोमियम. ते किमान 10.5 टक्के असलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. चुंबक लागणार की नाही, हे मात्र धातूच्या स्फटिकरचनेवर ठरतं. 304 मधल्या सुमारे 8 टक्के निकेलमुळे ती रचना अचुंबकीय राहते. 430 मध्ये क्रोमियम 16 ते 18 टक्के आणि निकेल जवळपास नाही, म्हणून चुंबक घट्ट बसतो. तेही खरंच स्टेनलेस. इंडक्शनच्या कित्येक भांड्यांचा तळ याच स्टीलचा असतो. सुऱ्यांच्या 420 ला तर चुंबक लागायलाच हवा, कारण 304 ला पाणी देऊन कडक करता येत नाही.

"अस्सल 304 ला चुंबक लागतच नाही."
सपाट, मऊ केलेल्या पत्र्यापुरतं हे बरोबर. त्याच पत्र्यातून डाय-प्रेसवर खोल डबा ओढला की जिथे धातू जास्त ताणला गेला, तिथे काही भागाचं मार्टेन्साइट, म्हणजे चुंबक लागणारी स्फटिकरचना, होतं. म्हणून कोपऱ्यांना आणि काठाला चुंबक हलका ओढला जातो. सुमारे 1050 अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड केलं की ही ओढ जाते. घटक आधीही तेच होते, नंतरही तेच.

"न चिकटलं म्हणजे 304."
खरं नुकसान इथे होतं. 200 मालिकेत, म्हणजे 201 सारख्या ग्रेडमध्ये, महाग निकेल कमी करून मँगनीज घालतात. 201 मध्ये निकेल 3.5 ते 5.5 टक्के, मँगनीज 5.5 ते 7.5. बाजारात ज्याला जे-4 म्हणतात, त्यात निकेल जेमतेम एक टक्का. दोन्हींना चुंबक लागत नाही आणि पॉलिश केल्यावर दिसायलाही ती 304 सारखीच. पण मीठ-चिंचेचं काही ठेवलं की त्यांना बारीक खड्डे लवकर पडतात.

मग पारखायचं कसं? दुकानदाराकडून बिलावर ग्रेड लिहून घ्या. भांड्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस 14756 हा क्रमांक बघा. भंगार बाजारात मँगनीज ओळखणारा द्रव थेंबभर टाकून 9 व्होल्टची बॅटरी लावतात. लाल रंग गडद चढला तर माल 200 मालिकेतला. हा द्रव फक्त मँगनीज दाखवतो, म्हणून आधी चुंबक फिरवून 430 बाजूला काढायचं. चुंबकाचा उपयोग तेवढाच. 304 आणि 316 वेगळे करायला 316 मधलं 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम दिसावं लागतं, त्याला मॉलिब्डेनम ओळखणारा वेगळा द्रव किंवा क्ष-किरणांनी घटक मोजणारं एक्सआरएफ यंत्र हवं.