‘गाणं चढवलं की रॉयल्टी आपोआप येते’ हे खरं नाही

नव्या गीतकार-संगीतकारांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे ते स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत, ऑनलाइन चढवलं की देशपरदेशातली सगळी रॉयल्टी त्यातूनच येते. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट संस्था फक्त रेडिओ आणि जाहीर कार्यक्रमांपुरती. म्युझिक कंपनीच्या करारावर सही केली असेल तर रॉयल्टीचा विषय संपला. अमेरिकेतले पैसे हवे असतील तर तिथला एजंट गाठा. आणि पाच वर्षं जुनं गाणं कव्हर करायला, म्हणजे पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रित करायला, कुणाला विचारायची गरज नाही. ही पाचही विधानं चुकीची आहेत, आणि त्यांवर विसंबणाऱ्यांचे पैसे खरोखर अडकतात.

पहिलं विधान सर्वांत महागात पडतं. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: शब्द आणि चाल ही एक, त्यांचं ध्वनिमुद्रण ही दुसरी. डिस्ट्रिब्युटर तुमच्या हातात देतो ते ध्वनिमुद्रणाचे पैसे. शब्द आणि चालीची प्रत निघाली की त्यांच्या कर्त्यांना जे मिळायला हवं, ती मेकॅनिकल रॉयल्टी. हे नाव यांत्रिक पियानोच्या छिद्रं पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांच्या काळातलं आहे. अशी गुंडाळी म्हणजे रचनेची प्रत नव्हे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1908 मध्ये दिला. लगेच पुढच्या वर्षी तिथे कायदा बदलला आणि प्रत्येक प्रतीमागे 2 सेंट ठरले. आज सीडी, डाउनलोड आणि आपल्या आवडीचं गाणं निवडून ऐकण्याचं स्ट्रीमिंग, तिन्हींवर हा हक्क लागतो.

अमेरिकेत स्ट्रीमिंगचा हा हिस्सा ध्वनिमुद्रणाच्या पैशांबरोबर येतच नाही. 2018 च्या कायद्यानुसार त्यासाठी एमएलसी ही वेगळी संस्था नेमली गेली आणि 1 जानेवारी 2021 पासून ती वसुली करते. काम सुरू होताच स्ट्रीमिंग कंपन्यांनी तिच्याकडे सुमारे 42.4 कोटी डॉलर जमा केले. हे सगळे पैसे मालकाशी जुळवता न आल्याने पडून राहिलेले होते. ‘आपोआप’ किती येतं, याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही. काही डिस्ट्रिब्युटर जादा कमिशन घेऊन रचनेची वसुलीही करतात, पण तो वेगळा करार असतो. तो केला आहे का, हे आपल्या खात्यात जाऊन पाहा.

‘एका स्ट्रीमला इतके पैसे’ असा ठरीव दरही नसतो. अमेरिकेत रचनेसाठीचा मुख्य दर 2023 मध्ये सेवेच्या उत्पन्नाच्या 15.1 टक्के होता, 2027 पर्यंत तो 15.35 टक्क्यांवर जायचा आहे. त्यातून सादरीकरणाची (गाणं लोकांना ऐकवल्याबद्दलची) रॉयल्टी आधी वजा होते, उरलेली रक्कम मेकॅनिकलची, आणि ती ऐकल्या गेलेल्या गाण्यांच्या प्रमाणात वाटली जाते. सीडी आणि डाउनलोडचा दर मात्र नगावर असतो. 2022 पर्यंत तो 9.1 सेंट होता, 2023 पासून 12 सेंट झाला आणि त्यानंतर महागाईप्रमाणे वाढत आला आहे.

आयपीआरएसबद्दलचं विधान थोडक्यात निकालात निघतं. 1969 साली मुंबईत स्थापन झालेली ही संस्था शब्द आणि चालीचे सादरीकरणाचे हक्क सांभाळते, तसेच मेकॅनिकलचेही. गायकाला मात्र निव्वळ गायल्याबद्दल मेकॅनिकल मिळत नाही. त्याचा हक्क वेगळा आणि संस्थाही वेगळी.

खरी गळती नोंदणीत होते. सदस्य झालं म्हणजे गाणी नोंदली गेली असं नाही. प्रत्येक रचना वेगळी नोंदवावी लागते: शीर्षक, लांबी, सगळे कर्ते, प्रत्येकाचा आयपीआय (कर्त्याची ओळख पटवणारा) क्रमांक, टक्केवारी, प्रकाशक (रचनेचे हक्क सांभाळणारी कंपनी) आणि ध्वनिमुद्रणाचा आयएसआरसी. आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, तर आयएसडब्ल्यूसी रचनेचा. एकाच चालीची स्टुडिओतली आणि मैफलीतली अशी दोन मुद्रणं असतील तर आयएसआरसी दोन, आयएसडब्ल्यूसी एकच. मराठी गाण्यांना आणखी एक अडचण येते. ‘व’ रोमन लिपीत व्ही की डब्ल्यू, ‘ऊ’ एका यूने की दोन ओंनी, यावरून एकाच शीर्षकाची चार स्पेलिंग होतात. एका ठिकाणी कर्त्याचं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव असतं, दुसरीकडे नुसतं आडनाव. म्हणून पर्यायी शीर्षकांच्या रकान्यात सगळी रूपं भरावीत आणि टोपणनावही आयपीआयला जोडून घ्यावं. वाटे गाणं प्रसिद्ध होण्याआधी कागदावर सह्यांनिशी ठरवावेत. दोघांनी साठ-साठ टक्के नोंदवले तर बेरीज शंभरावर जाते आणि वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात.

आता करार. भारताच्या कॉपीराइट कायद्यात 21 जून 2012 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, गीतकार किंवा संगीतकाराला आपला रॉयल्टीचा समान वाटा सोडून देताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा वसुली-वाटपासाठी कॉपीराइट संस्थेला देता येतो. याविरुद्ध जाणारं कलम करारात असलं तरी ते रद्दबातल. अपवाद एकच: चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणारं गाणं. म्हणजे एकरकमी मानधन घेऊन मालकी कंपनीला दिली तरी हा वाटा तुमचाच राहतो. त्याआधीचा करार असेल तर तो शब्दन् शब्द वाचून घ्या.

एजंटची गरज नाही. परदेशी संस्थांशी आयपीआरएसचे परस्पर करार आहेत. एमएलसीचं सदस्यत्व भारतात बसून, विनाशुल्क मिळतं, आणि ती रॉयल्टीतून कमिशन कापत नाही. तिचा खर्च स्ट्रीमिंग कंपन्या उचलतात. पण अर्ज करण्याआधी आयपीआरएसला दिलेल्या हस्तांतरणपत्रात कोणते हक्क, कोणत्या देशांसाठी दिले आहेत ते पाहा. प्रकाशक असेल तर त्यालाही विचारा. एकाच वाट्यावर दोन दावे पडले की पुन्हा तीच अडवणूक. ब्रिटनमध्ये सादरीकरण पीआरएस या संस्थेकडे आणि मेकॅनिकल एमसीपीएसकडे आहे. जर्मनीत गेमा आणि फ्रान्समध्ये सासेम दोन्ही सांभाळतात. अमेरिकेतून पैसे घेताना डब्ल्यू-8बेन अर्जात पॅन देऊन भारत-अमेरिका कर-कराराच्या सवलतीचा दावा करावा. तो केला तर कॉपीराइट रॉयल्टीवर 15 टक्के कर कापला जातो, राहून गेला तर 30 टक्के.

राहिलं कव्हर. पाच वर्षांची अट खरी आहे, पण ती फुकटेपणाची परवानगी नव्हे. ही वर्षं पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर मोजायची. मग मालकाला आणि कॉपीराइट निबंधकाला किमान 15 दिवस आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही एका वर्षाला किमान 50,000 प्रतींच्या हिशेबाने. लेबलवर हे कव्हर असल्याचं लिहायचं आणि मूळ रचनेत मनाने फेरफार करायचे नाहीत. तुकोबांचा अभंग घेतला तर शब्द सर्वांचे आहेत, पण त्याला विसाव्या शतकातल्या संगीतकाराने दिलेली चाल त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं संरक्षित असते. ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 संपेपर्यंत जिवंत आहे.