शोध लागला की पुढे ढकला

जगात दर आठवड्याला एक तरी क्रांतिकारी शोध लागतो आणि तुम्ही मागच्या आठवड्यातलाच वाचत बसलेले असता. हे बरं नव्हे. विज्ञानाच्या बरोबरीने पळायचं तर काही जुन्या खोडी मोडायला हव्यात. त्यातली सर्वांत वाईट खोड म्हणजे बातमी शेवटपर्यंत वाचणं. मथळ्यात कर्करोग बरा झालेला असतो. तो उंदराचा होता, हे सहाव्या परिच्छेदात येतं. तुम्हाला सहाव्या परिच्छेदात जायला सांगितलं कोणी? उंदरांचे कर्करोग, मधुमेह, विसराळूपणा, म्हातारपण, सगळं केव्हाच बरं झालंय. त्यांच्या आनंदात आनंद माना आणि बातमी मोबाइलवरच्या गटांमध्ये पुढे ढकला.

ढकलताना क्रियापदाकडे मात्र लक्ष द्या. मूळ लेखात ‘शक्यता दिसते’ असेल तर तुम्ही ‘सिद्ध झालं’ लिहा. ‘काही विशिष्ट परिस्थितीत’ हे शब्द सरळ गाळा, त्यांनी वाक्य उगाच लांबतं.

नमुना म्हणून जुलै २०२३चा तो सोहळा आठवा. दक्षिण कोरियातल्या काही संशोधकांनी परीक्षण न झालेले दोन लेख इंटरनेटवर टाकले. शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा एक पदार्थ, नाव एलके-९९. दावा असा की, तो साध्या हवेत, साध्या तापमानाला अतिवाहक आहे, म्हणजे त्यातून वीज कणभरही न अडता वाहते. अतिवाहक चुंबकावर अधांतरी तरंगतो, म्हणून सोबत व्हिडिओ होता. चुंबकावर एक काळपट टिकली, तिची एक कड वर उचललेली आणि दुसरी चुंबकावर आरामात टेकलेली. अशा वेळी टेकलेल्या कडेकडे बघायचं नसतं. लग्नात नवरा बघायचा, त्याचे बूट नव्हेत.

पुढचे तीन आठवडे काय बहारीचे होते! ज्याला घरातला फ्यूज बदलता येत नव्हता तोही विद्युतरोधाच्या, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या, आलेखावर मत देत होता. मीही दिलं. आता तारांमधली वीजगळती संपणार, गाड्या रुळावर तरंगणार, असं मी तीन गटांवर लिहिलं. त्यातल्या एका गटाचा विषय बागकाम होता.

मग जगभरच्या प्रयोगशाळांनी रसभंग केला. नमुन्यात तांब्याच्या सल्फाइडची भेसळ निघाली. हे सल्फाइड १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास आपली रचना बदलतं आणि त्याचा रोध एकदम कोसळतो. ज्या घसरणीवर आपण नाचत होतो ती हीच. जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने तर भेसळ टाळून शुद्ध स्फटिकच वाढवले. ते जांभळट, पारदर्शक होते आणि त्यांचा रोध लाखो ओहम भरला. अतिवाहक म्हणून बारसं झालेलं बाळ पक्कं विद्युतरोधक निघालं.

आणि इथेच नवशिके चुकतात. ते हे खंडनही पुढे पाठवतात! असं कधी करू नये. खंडन येईपर्यंत तुम्ही पुढच्या शोधावर पोचलेले असायला हवं. तरी कोणी खिंडीत गाठलंच, तर ‘गॅलिलिओलाही लोक हसले होते’ एवढं म्हणून उठा. गॅलिलिओने दुर्बिणीत काय पाहिलं ते इतरांनीही दुर्बिणीतून पाहून पडताळलं होतं, हा भाग सांगायची गरज नाही.

आता हिशेबाची कला. ५ डिसेंबर २०२२ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसर किरणांनी एका चिमुकल्या गोळीतल्या हायड्रोजनवर मारा केला. २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत गेली, संमीलनातून, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रकं एकमेकांत मिसळून, ३.१५ बाहेर आली. कामगिरी खरोखर थोर होती, यात मी थट्टा करत नाही. पण ते लेसर चालवायला भिंतीतून सुमारे ३०० मेगाज्यूल वीज ओढली गेली होती, आणि विजेच्या मीटरवरचं एक युनिट म्हणजेच ३.६ मेगाज्यूल. म्हणजे सुमारे ८३ युनिटं जाळून एकही पुरतं हाती आलं नाही. गोळीपाशी जो १.१ मेगाज्यूलचा नफा झाला त्यात तीनेक लिटर पाणी उकळेल. शहाणा माणूस हिशेब गोळीपासून सुरू करतो आणि ‘ऊर्जेचा प्रश्न सुटला’ असं लिहितो. भिंतीपासून सुरू करणारे ते खुद्द शास्त्रज्ञ. त्यांना मथळे कुठे लिहायचेत?

क्वांटम संगणकाचं त्याहून सोपं आहे, तिथे फक्त वर्षं लक्षात ठेवायची. २०१९मध्ये गुगलच्या ५३ क्यूबिटांच्या (क्यूबिट म्हणजे अशा संगणकातलं माहितीचं एकक) यंत्राने २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला १०,००० वर्षं लागतील, असा दावा झाला. अडीच दिवसांत होईल, असं आयबीएमने लगेच सांगितलं. तुम्ही दहा हजारच म्हणा. ते काम नेमकं कशाच्या उपयोगाचं होतं, असं कोणी विचारलं तर चेहरा गंभीर ठेवा.

काही शास्त्रज्ञ मात्र फारच वाईट उदाहरण घालून देतात, त्यांच्यापासून जपा. अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा संकेत १४ सप्टेंबर २०१५ला आला. त्या टिपणाऱ्या यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढाच फरक पडला होता. एवढं घबाड हाती असून या मंडळींनी जाहीर केलं ११ फेब्रुवारी २०१६ला. मधले पाच महिने काय, तर तपासणी! तेवढ्या काळात आपण वीस क्रांत्या ढकलून मोकळे झालो असतो.

आणि ज्यांना मथळाच नसतो असे शोध तर हातातही धरू नका. १९९३मध्ये स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांनी मिठागरातल्या एका सूक्ष्मजीवाच्या डीएनएत सारखे सारखे येणारे तुकडे आढळल्याचं छापलं. वाचून जांभई येते ना? त्या तुकड्यांचं पुढे क्रिस्पर झालं, २०१२मध्ये त्यातून जनुक कापायची कात्री हाती आली आणि नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी तिच्यावर आधारलेल्या उपचाराला मान्यता दिली. तीस वर्षं. १९९३चा तो लेख तुम्ही गटावर टाकला असतात तर खाली एक अंगठासुद्धा उमटला नसता.

असला काही मजकूर चुकून समोर आलाच तर दार लावून वाचा. आणि शेवटपर्यंत वाचलात, हे कोणाला कळू देऊ नका.