नावं बदलली की कादंबरी होत नाही

नाशिकच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. म्हणे, कादंबरीकार नवीन काही रचत नाही, स्वतःचंच आयुष्य नावं बदलून लिहितो. जे भोगलं नाही ते त्याला लिहिता येत नाही. म्हणून कादंबरी हा लेखकाचा कबुलीजबाबच समजावा. मला यातलं एकही विधान मान्य नाही.

या मजकुराला सर्वांत सोयीचं पुस्तकच घेऊ. 'श्यामची आई' साने गुरुजींनी आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिली, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३. आई त्यांची, बालपण त्यांचं, यात वादच नाही. पण पुस्तक उघडा. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतोय, अशा ४२ रात्री. पाच दिवसांत लिहिलेल्या मजकुराला ही संथ लय कुठून आली? कोणती आठवण आधी सांगायची, कोणती राखून ठेवायची, ऐकणाऱ्यांनी मध्ये कुठे बोलायचं, हे सगळं लेखकाने बसून रचलंय.

'कोसला'चं (१९६३) तर लोकांनी पक्कंच करून टाकलंय: नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजे लेखक भालचंद्र नेमाडे. गाव सांगवी, शिक्षण पुण्यात, जुळतंय की! पण पांडुरंग शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. नेमाडे एम. ए. झाले, वर्षानुवर्षं इंग्रजीचे प्राध्यापक होते. आणि पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण वाचताना ज्याच्या घशात आवंढा आला, त्याला लेखकाच्या घरच्या नोंदी कशाला हव्यात?

भोगल्याशिवाय लिहिता येत नाही, हे तर लगेच निकालात निघतं. माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला वारले. त्यांच्यावरची रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ची. माधवरावांचे काका राघोबादादा, त्यांची आनंदवल्ली आपल्या गंगापूर रोडला लागून आहे, पण काका-पुतण्यांची ती भाऊबंदकी देसाईंनी काही डोळ्यांनी पाहिली नव्हती. लेखक स्वतःजवळचं भय, दुःख, हट्ट पात्राला देतो, हे खरं. प्रसंग मात्र त्याचेच असावे लागत नाहीत.

कबुलीजबाबाच्या मुद्द्याची मला खरी चीड आहे. एखादीने नवऱ्याला सोडणारी नायिका लिहिली, की नातेवाईक तिच्याच घरी चौकशीला येतात. पुढचं पुस्तक लिहिताना तिचा हात आखडणारच. बाबूराव बागूल तर नाशिकचेच. त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला 'मी' एकट्या बागुलांचा धरला, तर ती एका माणसाची तक्रार उरते, आणि ज्यांच्या भीतीने त्याला जात लपवावी लागली ते सगळे अलगद सुटतात.