टेबल आवरणारे रिकामटेकडे? एका प्रतिक्रियेला उत्तर

कामाचं टेबल आवरून ठेवण्यावर मागे लिहिलं होतं, त्यावर 'सातारी स्पष्टवक्ता' या नावाने एक प्रतिक्रिया आलीय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबल आवरल्याने जास्त काम उरकतं याला पुरावा काय? 2013 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना तर उलटं दिसलं, पसाऱ्यात बसलेल्यांना जास्त नव्या कल्पना सुचल्या. आइनस्टाइनचं टेबल बघा. 5एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) वगैरे जपानी थेरं आहेत. पोस्टच्या फोटोतलं टेबल तुमचं वाटत नाही, आणि असलंच तर बायको आवरत असणार. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "टेबल आवरत बसणं हा रिकामटेकड्यांचा धंदा, ज्याला खरं काम असतं त्याच्या टेबलावर पसारा असणारच."

आधी एक मान्य करतो म्हणजे मी ऐकून घेत नाही असं व्हायला नको. फोटो माझ्या टेबलाचा नव्हता, नेटवरून घेतला होता. झालं समाधान?

आता रिकामटेकडा. राव, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही तर नावसुद्धा लावलेलं नाही, आणि पहिल्याच भेटीत ही भाषा? मुद्दा न पटणं मी समजू शकतो, दहा लोकांना नाही पटत, ते तसं नीट लिहितात, मी पण नीट उत्तर देतो. पण समोरच्याचं पोट कशावर चालतं याची कसलीही माहिती नसताना त्याला रिकामटेकडा म्हणून मोकळं व्हायचं आणि वर त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणायचं, हे काही मला जमत नाही बुवा.

माझं काम काय ते सांगतो म्हणजे तुमचं तुम्हीच ठरवा. सांगलीत मारुती रोडच्या आतल्या बाजूला माझं छोटं ऑफिस आहे, जीएसटी आणि हिशोबाचं काम करतो. मार्केट यार्डातले हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, दोनतीन हार्डवेअरची दुकानं. ही मंडळी बिलं कशी आणून देतात माहितीय का, कॅरीबॅगमध्ये. महिनाभराची खरेदी-विक्री, हमाली, तोलाई, वाहतूक, सगळं एका पिशवीत आणि मध्येच घरच्या लाइटबिलाची पावती पण. 20 तारखेच्या आत 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, गेलं नाही की दिवसाला पन्नास रुपये लेट फी, वर व्याज. आणि कायद्यानं हे सगळे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायचे असतात. म्हणजे आज नोटीस आली आणि चारपाच वर्षांपूर्वीचं एक खरेदी बिल मागितलं तर ते निघालंच पाहिजे, नाहीतर पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं आणि शिव्या मला बसतात. हे रिकामटेकड्याचं काम वाटतंय का तुम्हाला?

आणि ही सवय मला ऑफिस टाकल्यावर लागलेली नाही. त्याच्या आधी मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरला होतो, तिथं ही तुमची 'जपानी थेरं' शिकलो. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढा, हवं ते जागच्या जागी ठेवा, पुसून घ्या, एक पद्धत ठरवा आणि ती पाळा. टोयोटावाल्यांनी ह्याच्यावर कारखाने चालवले, ते काय वेळ जात नव्हता म्हणून? आमच्याकडे भिंतीवर एक पिवळा बोर्ड होता, त्याच्यावर प्रत्येक पान्याचा आकार काळ्या रंगानं रंगवलेला. शिफ्ट सुटली की दारातनंच दिसायचं, 16-17 च्या जागी नुसतं काळं चित्र आहे, पाना आलेला नाही. मग ज्यानं नेला त्याला गेटवरच गाठायचं. बोर्ड यायच्या आधी मशीन बंद पडलं की फिटर पाना हुडकत फिरायचा आणि ऑपरेटर तंबाखू मळत बसायचा. आता ह्या दोघांतला रिकामटेकडा कोण, पाना जागेवर लावणारा का हुडकणारा?

एवढ्यानं पटलं नसेल तर 2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवा. तुम्ही साताऱ्यात उंचावर, तुम्हाला काय, कोयनेतनं पाणी सोडलं की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे, जिथं पाण्याची पातळी मोजतात, डोळे लावून बसायची पाळी आमच्यावर. 45 फूट धोका पातळी, ती गेली तरी सगळे म्हणत होते 2005 ला आलं त्याच्यावर काय येत नाही. आलं. 57 फुटाच्या वर गेलं. माझ्या कपाटात प्रत्येक पार्टीचा कप्पा वेगळा, चालू वर्षाच्या फायली एका बाजूला, त्यामुळे पोरगं आणि मी आधी काय उचलायचं याचा विचार न करता सगळं वरच्या मजल्यावर मालकांकडे नेऊन टाकलं. शेजारी एकजण होते, त्यांचं म्हणणं पण तुमच्यासारखंच, 'माझ्या पसाऱ्यात मला बरोबर सापडतं.' पाणी उतरल्यावर त्यांनी गच्चीवर दोरी बांधून चिमट्यांनी बिलं वाळत घातली होती. गठ्ठ्यातली बिलं एकमेकांना अशी चिकटलेली की सोडवायला गेलं की अर्धा कागद हातात यायचा. आता म्हणाल पुराचा आणि जास्त काम उरकण्याचा काय संबंध. संबंध आहे, ज्यानं भोगलंय त्याला कळतो.

आइनस्टाइन. हे नाव येणार हे मला पोस्ट लिहितानाच माहीत होतं. त्यांच्या पसरलेल्या टेबलाचा तो प्रसिद्ध फोटो लाइफ मासिकाच्या राल्फ मोर्सनं 18 एप्रिल 1955 ला काढला, ज्या दिवशी आइनस्टाइन प्रिन्स्टनच्या हॉस्पिटलमध्ये वारले त्याच दिवशी. माणूस अर्धं काम टाकून हॉस्पिटलमध्ये गेलाय आणि परत आलेला नाही, त्याच्या टेबलावरनं तुम्ही नियम काढताय? आणि समजा कायमच पसारा असेल, तरी त्यांना अडत्यांची 3बी भरायची नव्हती. फोटोत मागच्या फळ्यावर समीकरणं आहेत, ती सोडवता येत असतील तर तुम्हीपण खुशाल पसारा करा.

मिनेसोटाचं म्हणाल तर ते प्रयोग मी पण वाचलेत. त्यात आवरलेल्या खोलीतल्या लोकांनी चॉकलेटऐवजी सफरचंद जास्त उचललं आणि देणगी जास्त दिली, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. कल्पनांचं म्हणताय, तर पिंगपाँगच्या बॉलचे नवे उपयोग सुचवायचे होते तिथं. मला कल्पना विकायच्या नाहीत, जीएसटीत नवीन कल्पना लढवल्या तर काय होतं ते विचारा कोणालाही. त्यामुळे तो मुद्दा मला लागूच होत नाही.

राहिलं बायकोचं. घरच्यांना मध्ये आणायची काही गरज नव्हती. झाडू-फरशी मावशी करतात, टेबलाला मी कोणाला हात लावू देत नाही, बायकोला तर नाहीच.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी टाका, नाहीतर अप्रूव्ह करणार नाही. आणि खरंच बघायचं असेल तर सांगलीला या की, ऑफिस दाखवतो, चहा माझ्याकडे. फक्त महिन्याच्या 20 तारखेनंतर या. त्याच्या आधी आलात तर बसायला जागा मिळायची नाही, खुर्च्यांवरपण पिशव्या असतात.